लेकरांची निजण्याची जागा

या मांडवात आजवर शिवकाल झाला, संतवाङ्मय झाले, मुक्तिसंग्राम तर बहुतेक दर वर्षी होतो. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'दुमजली खाट' असे सांगितले. त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. एक जण तर म्हणाला, "भाऊ, कामगार चळवळीचा इतिहास सांगा की!" मी म्हटले, तोच सांगणार आहे, फक्त सभेच्या बाजूने नव्हे, अंथरुणाच्या बाजूने.

विषय सुचला तो असा. दोन वर्षांमागे आपल्याच भागातील एका वसतिगृहात ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याचा नऊ वर्षांचा मुलगा मध्यरात्री वरच्या खाटेवरून खाली आला. मनगटाजवळ हात मोडला, डोक्याला खोक पडली. आईबाप दूर फडावर. ते आमच्या संघटनेचे सभासद, म्हणून मला बोलावणे आले. दवाखान्यात मी पोराला विचारले, "कसा रे पडलास?" तो म्हणाला, "काका, मला वाटलं मी खालीच हाय. पाणी प्यायला उठलो." जन्मभर भुईवर निजलेले लेकरू, अर्धवट झोपेत भुईवरूनच उठावे तसे उठले आणि पाच फुटांवरून पाऊल टाकले. व्यवस्थापकांचे म्हणणे असे की, मुलगा अवखळ होता. मी जाऊन खाट पाहिली. भिंतीच्या बाजूला कठडा नव्हताच. मोकळ्या बाजूला एक आडवा पाईप होता, आणि त्यावर जाड गादी घातल्यामुळे तो पाईप गादीच्या कडेखाली बुडून गेला होता. हा अवखळपणा मुलाचा नव्हे.

त्या दिवसापासून मी या वस्तूच्या मागे लागलो. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. ग्रंथालय हीच माझी पाठशाला. वाचीत गेलो तसे ध्यानात आले की, मनुष्य कोठे व किती जागेत निजतो, यात त्याचा सारा इतिहास सापडतो.

आपल्या मराठवाड्यात निजणे हे मुळात जमिनीवरचे. वाकळ अंथरावी, वाकळ पांघरावी. बाज घरात एखादीच. ती म्हाताऱ्याची किंवा बाळंतिणीची. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक ठेवता यावा म्हणून तिची उंची, आणि दोरी विणलेली असल्यामुळे अंगाला झोळ मिळे व खालून वाराही लागे. तान्ह्याला झोळी. जुनेराची झोळी आढ्याला नाहीतर बाभळीच्या फांदीला बांधली की, आई कामाला मोकळी. उंचावर निजण्याचा आमचा एकच प्रसंग: उन्हाळ्यात माळवदावर. तेथे कठडा असला तर वीतभर, पुष्कळ घरांना तेवढाही नाही. पण आमच्या आज्यांनी त्याची तोड काढली होती. लेकरे मधोमध, कडेला मोठी माणसे. म्हणजे कठडा माणसांचाच होता. रात्री पोर लोळत निघाले तर ते बापाच्या पाठीवर अडे. वसतिगृहातील खाटेला हा बाप नसतो, हे पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

आता मुंबईकडे वळू. कारण मजल्यावर मजला करून निजण्याची विद्या मराठी कामगाराने तेथे शिकली. गिरणगावातील चाळीत दहा-बारा फुटांची एक खोली, तीत एक किंवा दोन बिऱ्हाडे. मग खोलीच्या अर्ध्या भागावर फळ्या टाकून पोटमाळा काढावयाचा. खाली चूल, वर पोरे आणि ट्रंका. पोटमाळा हीच आमची पहिली दुमजली खाट. तिला शिडी होती, कठडा बहुधा नव्हता, आणि चुलीचा सगळा धूर आधी वर निजलेल्यांच्या छातीत जाई. एकट्या पुरुषांचे गाळे त्याहून निराळे. तेथे वीस-वीस माणसे एका गाळ्यात राहत आणि पाळीप्रमाणे निजत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीच्या जागी आडवा होई. चटई कधी गार पडत नसे.

हे गिरणीच्या पाळीपुरतेच होते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात धनंजय कीरांनी जी हकीकत दिली आहे, ती येथे आठवल्यावाचून राहवत नाही. परळच्या चाळीत कुटुंबाला एकच खोली. उशाशी जाते, पायाशी शेळी. विद्यार्थी भीमराव लौकर निजत. वडील रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर स्वतः अंग टाकीत. बाप आणि लेक एका अंथरुणाच्या दोन पाळ्या करीत होते. पुढे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने १९२५ च्या आरंभीच सोलापूरला वसतिगृह काढले, याचे मला नवल वाटत नाही. ज्याला निजायला जागा नव्हती, त्याला वसतिगृहाचे मोल पुस्तकातून कळावे लागत नाही.

एक आकडा सांगतो. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी ८२८ असे नोंदले गेले. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत ते १३३ होते. या आकड्यात खोट आहे, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात, म्हणून जन्माची नोंद तेथे आणि मृत्यूची मुंबईत, असे होई. शिवाय एका खोलीत राहणारा दरिद्रीही असतो. सगळा दोष खोलीचा नव्हे. तरीही हा सारा फरक कागदावरील चूक म्हणून सोडून देता येत नाही. त्याच सुमारास डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली. त्यांतील बहुतेक जणी तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन कामावर जात असल्याचे त्यांना आढळले. लोक तिला बाळगोळी म्हणत. पोराने आईची पाळी संपेपर्यंत निजून राहावे म्हणून ती गोळी. झोपसुद्धा गिरणीच्या भोंग्याला बांधलेली होती. सरकारने १९२० नंतर बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांत खोली १६० चौरस फुटांची. त्याही भरल्या, आणि त्यांतही पोटमाळे निघाले.

मग लोखंडी दुमजली खाट आली कोठून? ती जहाजातून आणि फौजेतून आली. जहाजावर जागा मोजकी, म्हणून खलाशाला फळीवर फळी. बराकीत शिपाई पुष्कळ, म्हणून खाटेवर खाट. पण फौजेच्या इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी दाखवून दिले की, शिपाई गोळीपेक्षा कोंदट बराकीत अधिक मरतो. तेव्हा इंग्लंडमधील बराकींत दर माणशी ६०० घनफूट हवा असावी, असा दंडक ठरला. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्यावरील अहवाल १८६३ चा. त्यातही हाच विचार आहे. पुढच्या शास्त्राने सांगितले की, नुसते घनफूट पुरत नाहीत, हवा खेळती पाहिजे. ते खरेच. पण मोजण्याची सवय त्या बाईंनी लावली.

ही मोजणी आपण आपल्या वसतिगृहाला लावून पाहू. खोली २० फूट लांब, १५ रुंद, १० उंच. म्हणजे ३,००० घनफूट. दहा मुले निजली तर प्रत्येकी ३००. व्यवस्थापक म्हणतो, दुमजली खाटा आणू, वीस मुले मावतील. मावतील, पण प्रत्येकी १५०. खाट दुमजली झाली म्हणून हवा दुमजली होत नाही. खिडकी तेवढीच, संडास तेवढाच, आणि एकाला खरूज झाली तर हळूहळू साऱ्या खोलीला. दुमजली खाटेशी माझे वैर नाही. तिच्यामुळे भुई मोकळी होते, तेथे पोरे बसून लिहू शकतात, विंचूकाट्याचे भय कमी होते. भुई मोकळी करण्यासाठी ती घ्यावी, संख्या दुप्पट करण्यासाठी घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या जुन्या वसतिगृहांत या खाटांचे प्रस्थ नव्हते. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उघडली, भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले; मुले वळकटी घेऊन येत आणि सतरंजीवर निजत. तालुक्याच्या गावी वेल्डिंगची दुकाने झाली, तेव्हा ही खाट आपल्याकडे स्वस्त झाली. पोरांनी तिला 'डबल-डेकर' नाव दिले. हे नाव मुंबईच्या बसचे. ती बस १९३७ साली सुरू झाली. बसच्या वरच्या मजल्याला पुरुषभर उंचीची भिंत असते, हे मात्र नाव घेताना कोणी घेतले नाही.

निजलेल्या माणसाच्या डोक्यावर काय आहे, हा प्रश्न मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी-सास्तूरकडे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत. जाड दगडी भिंती, वर फूट-दोन फूट मातीचे माळवद. जे घर उन्हाळ्यात गारवा देत होते, त्यानेच माणसे गाडली. सुमारे आठ हजार माणसे गेली. बाहेर ओट्यावर, खळ्यात निजलेली पुष्कळशी वाचली. मी तेव्हा विशी ओलांडलेला. आमच्याकडेही धक्का जाणवला आणि पुढे कित्येक रात्री लोक अंगणात निजले. नंतर ५२ गावे नव्या जागी वसली. घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे मिळाली: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्याला ७५०. भूकंपाने सर्वांना सारखेच मारले होते. निजण्याची जागा मात्र सातबारा पाहून मोजली गेली. असो, हा राग जुना आहे.

ऊसतोडीच्या हंगामात लेकरे फडावरच्या कोपीत निजतात. पाचटाचे छप्पर, चुलीची ठिणगी, कडेने साप. म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. तिच्या जिल्ह्यांत नांदेड व लातूरही आहेत. म्हणजे अशा खाटा अजून पुष्कळ घ्यावयाच्या आहेत. तेव्हा घेताना काय पाहावे, हे सांगूनच मी थांबतो.

अमेरिकेत या खाटांवरून पडून आणि त्यांत अडकून मुले दगावली, तेव्हा १९९९ साली कायद्याने नियम झाले. वरच्या खाटेला दोन्ही बाजूंनी कठडा, भिंतीकडेही. भिंतीकडे कशाला, असे सगळेच विचारतात. कारण खाट हळूहळू सरकते आणि भिंतीशी फट पडते. लहान मूल त्या फटीत पायांकडून घसरते, अंग जाते, डोके अडकते आणि गळा आवळतो. पडण्यापेक्षा हे भयंकर. म्हणून कठड्यातील कोणतीही फट साडेतीन इंचांहून अधिक नको. कठड्याचा माथा गादीच्या वर किमान पाच इंच हवा. युरोपात तो सहा इंचांहून किंचित अधिक मागतात. गादीच्या वर, हे शब्द विसरू नका. खाट घेताना गादी नसते, मोजमाप पत्र्यापासून होते, आणि मग चार इंची गादी येऊन कठडा गिळून टाकते. सहा वर्षांच्या आतले मूल वर निजवू नये. शिडी खाटेला पक्की जोडलेली, पायरी चपटी. गोल पाईपावर अनवाणी पाय घसरतो. शिडीला दोरी, ओढणी, पट्टा काही अडकवू देऊ नये.

त्या देशांच्या नियमांत एक गोष्ट मला सापडली नाही, कारण त्यांना तिची गरज कमी: पंखा. आपल्या खोलीत मधोमध छताचा पंखा असतो. वरच्या खाटेवर मूल उभे राहिले, हात वर केला, तर पाते कोठवर येते, हे हात वर करूनच पाहावे. तसेच पत्र्याचे छप्पर. आपल्या वैशाखात पत्र्याखाली वरची खाट म्हणजे भट्टी. गरम हवा वरच साचते. तेथे उन्हाळ्यात मुलांना वर निजवणे हा मी गुन्हा समजतो. लाकडी खाट असेल तर सांध्यांत ढेकूण पाहा. लोखंडी असेल तर नटबोल्ट दर महिन्याला आवळा आणि वेल्डिंगच्या जागी बोट फिरवून पाहा. आराम म्हणाल तर पातळशी कापसाची किंवा काथ्याची गादी, पिंजून घेतलेली, आणि खालच्या मुलाला डोके न आपटता ताठ बसता येईल एवढे अंतर. इतके झाले की मूल आपोआप निजते.

मघाशी सांगितलेल्या वसतिगृहाने शेवटी खाटा बदलायचे ठरवले. मी टेप घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "भाऊ, एवढा पाईप घातला तर माझ्या दरात बसत नाही." मी म्हटले, "मग कोणाच्या हाडात बसवायचा?" तो हसला नाही. त्याची स्वतःची दोन पोरे दुकानाच्या माळ्यावर निजत होती. त्याने वर पाहिले. मग गादी किती इंची येणार, ते त्यानेच मला विचारले आणि खडूने भिंतीवर आकडा लिहून ठेवला. खाटा आल्या, तेव्हा त्या मुलाचा हात बरा झाला होता. मी त्याला सांगितले, आता वर निजलास तरी चालेल. त्याने दोन्ही कठडे हलवून पाहिले आणि आपली वळकटी खालच्या खाटेवर टाकली.