एक किल्ली, अनेक पोथ्या



गेल्या पावसाळ्यांत कामरगांवीं आमच्या घराचें छप्पर एका रात्रीं गळलें आणि टेबलावरच्या एका वहीचा लगदा झाला. वही साधीच, परंतु बँकेचे, निवृत्तिवेतनाचे, विजेच्या बिलाचे असे घरांतील सर्व पासवर्ड तींत लिहिलेले होते. ते पुन्हा मिळवितां मिळवितां महिना गेला. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलींत ठेवा. ती फाईल तुमच्या फोनवर, घरच्या संगणकावर आणि माझ्याकडेहि राहील.” मीं विचारलें, “अरे, गुपित तीन ठिकाणीं ठेवलें म्हणजे तें गुपित कसलें?” या प्रश्नाचें उत्तर मला पुढें सांपडलें तें आमच्या वऱ्हाडच्याच इतिहासांत.

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें क्षेत्र. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात् म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी, ज्यानें त्या पाहिल्या-ऐकिल्या त्याच्याकडे जाऊन, एकत्र केल्या. तेंच लीळाचरित्र, मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ १२७८ च्या सुमारास सिद्ध झाला असें मानितात. पुढें यवनांच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. तेव्हां ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणावरून तो पुन्हा उभा करावा लागला. हिराइसेचें नांव त्यांत आदरानें घेतात. परंतु स्मरणें अनेक, म्हणून पाठहि अनेक झाले. पाठांतील हा भेद पुढें संशोधकांस पिढ्यान्‌पिढ्या पुरला.

यांत दोन धडे आहेत. पहिला, एकच प्रत म्हणजे नसल्यासारखीच. दुसरा, अनेक प्रती स्वतंत्रपणें वाढूं लागल्या कीं त्यांतील खरी कोणती, हा वाद उभा राहतो.

पुढें या पंथांत पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची चाल पडली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सकळ लिपी. ती रवळोबासांनीं योजिली असें सांगतात. तिच्याखेरीज सुंदरी लिपी, अंक लिपी, शून्य लिपी अशा कितीतरी होत्या. सकळ लिपीची युक्ति थोडक्यांत अशी : एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर लिहावयाचें. संकेत गुरूनें शिष्यास सांगावयाचा. पंथ वऱ्हाडांतून पार पंजाबापर्यंत पसरला. तेथें त्यास जयकृष्णी पंथ म्हणतात. पोथी वाटेंत हरवो कीं चोरीस जावो, परक्याच्या हातीं अर्थहीन अक्षरेंच लागत. पोथ्या अनेक ठिकाणीं, किल्ली मात्र माणसाच्या मनांत! माझ्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें. गुपित तीन ठिकाणीं ठेवावयाचें नसतें; कुलूप तीन ठिकाणीं ठेवावयाचें असतें.

परंतु या व्यवस्थेंत दोन उणिवा होत्या. अक्षराबद्दल अक्षर हा संकेत चिकाटीच्या माणसापुढें टिकत नाहीं. कोणतें अक्षर किती वेळां येतें हें मोजून असे संकेत फोडण्याची रीत बगदादच्या अल्‌-किंदीनें नवव्या शतकांतच लिहून ठेविली होती. दुसरें, एका लिपीची किल्ली सर्व पोथ्यांस एकच. ती एकदां उघड झाली कीं साऱ्या पोथ्या उघड्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांच्या महाराष्ट्र सारस्वताच्या १९१९ च्या आवृत्तींत हें वाङ्मय मराठी वाचकांसमोर विस्तारानें आलें. १८८३ मध्यें केर्कहॉफ्स या विद्वानानें सांगितलेलें सूत्र असें कीं, कुलुपाची रचना शत्रूस कळली तरी चालेल. सुरक्षितता केवळ किल्लीवर अवलंबून असावी. आजच्या कुलूपबंद फायली याच सूत्रावर उभ्या आहेत. त्यांची गणिती रचना सर्वांस ठाऊक. किल्ली मात्र ज्याची त्याला.

मुलाच्या सूचनेचा अर्थ मला आतां कळला. फाईल आपल्या यंत्रावरच बंद होते, मग बाहेर पडते. वाटेंतील सर्व्हर हा केवळ टपालवाला. त्याच्या हातीं बंद पाकीटच जातें. दुसऱ्या यंत्रावर आपला मुख्य पासवर्ड घातला म्हणजे ती उघडते. म्हणून हा शब्द लांब असावा, चार-सहा असंबद्ध शब्दांचा असला तर उत्तम; तो दुसरीकडे कोठेंहि वापरूं नये आणि फाईल ज्या वाटेनें जाते त्या वाटेनें कधींहि पाठवूं नये. दोन यंत्रांवर एकाच वेळीं निरनिराळे फेरफार केले तर दोन पाठ निर्माण होतात. तेव्हां एकावर दुसरा लादूं नये. दोन्ही जुळवून एक करावा. शिवाय एक प्रत यंत्रांपासून वेगळी, घराबाहेर ठेवावी.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महानुभावांचें गुपित इतकें चांगलें राहिलें कीं, मराठीचा पहिला गद्यग्रंथ मराठी माणसासच कित्येक शतकें अपरिचित राहिला. तरी तो नष्ट झाला नाहीं, कारण प्रत्येक गुरूनें किल्ली कोणातरी शिष्याच्या हातीं दिली होती. आज त्याच रिद्धपुरांत मराठी भाषा विद्यापीठ उभें आहे. ज्याच्याबरोबर किल्लीहि जाते, त्याच्या घरच्यांस उत्तम कुलूपहि शापच ठरतें. म्हणून मीं माझा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटांत घातला, पाकीट मृत्युपत्राजवळ ठेविलें, आणि तें कोठें आहे एवढेंच पत्नीस व मुलास सांगितलें.

छपराची डागडुजीहि करून घेतली आहे.