वैद्यक शिकावें कोठें? : आनंदीबाई जोशी यांची निवड

खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांसमोर वसलेल्या थळ गांवापासून थोड्याच अंतरावर, दक्षिणेस, अलिबाग आहे. टपालखात्यांत कारकून असलेले गोपाळराव जोशी कल्याणहून बदली करून घेऊन तेथें आले, तें बालपत्नीच्या शिक्षणांत आप्तांचा अडथळा येऊं नये म्हणून. ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मलेल्या आनंदीबाईंच्या विद्याभ्यासाला या अष्टागरांत निवांतपणा लाभला. १८७८ मध्यें त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसांतच दगावला. स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळाली पाहिजे, हा ध्यास त्यांनीं पुढें धरला.

पण वैद्यक शिकावें कोठें? आज एम्. बी. बी. एस्. झालेला विद्यार्थी पदव्युत्तर प्रवेशासाठीं महाविद्यालयांची पसंतीक्रमानें यादी करतो, आणि पहिलें स्थान कोणास द्यावें यावर घरांत खल चालतो. आनंदीबाईंची यादी अगदीं लहान होती. मद्रासच्या महाविद्यालयानें १८७५ मध्यें स्त्रियांना प्रवेश दिला होता. इतरत्र बहुधा सुईणकामाचे वर्ग. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथें दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं या सोयींचें मोजमाप केलें. तेथील शिक्षण अपुरें, शिक्षक जुन्या वळणाचे, आणि एकटीनें बाहेर पडणाऱ्या हिंदु स्त्रीची वाटेवर होणारी टवाळी निराळीच! जवळचें किंवा स्वस्त तें पहिलें, असा क्रम त्यांनीं लावला नाहीं. स्त्रीला जेथें पूर्ण विद्या मिळेल, तें स्थळ पहिलें.

तें स्थळ फिलाडेल्फियास होतें. पेनसिल्व्हेनियाचें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्यें स्थापन झालें होतें. न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशीं पत्रांतून जुळलेला स्नेह हाच परमुलखांतील आधार. १८८३ मध्यें आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनीं त्यांना प्रवेश दिला. हिंदूंतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम्. डी. झाल्या.

या निवडीचें मोल मात्र जबर पडलें. तेथील थंडी आणि आहाराचे हाल यांत प्रकृति ढासळली, क्षयानें गांठलें. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोंपविण्याचें ठरलें होतें. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

मग निवड चुकली काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. दोनच वर्षांनीं, १८८९ मध्यें, रखमाबाई वैद्यकासाठीं लंडनला गेल्या. १८९४ मध्यें शिक्षण पुरें करून परतल्यावर त्यांनीं सुरत व राजकोट येथें दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. घरापासून दूर जाऊन पूर्ण विद्या घेण्याची वाट आनंदीबाईंनीं आधींच चोखाळली होती.

ज्या अलिबागेंत आनंदीबाई अक्षरें गिरवीत होत्या, तेथें आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभें आहे आणि मुली तेथें शिकत आहेत. पसंतीची यादी आतां लांब झाली आहे. परंतु यादी लांब असो वा आंखूड, नांवलौकिकाआधीं दोन प्रश्न विचारले पाहिजेत: येथें विद्या पुरती मिळेल काय, आणि ती घेऊन आपण कोणाच्या उपयोगी पडूं?