अतिव्याप्त एकस्व

अतिव्याप्त एकस्व : शोधाच्या आवाक्यापेक्षा मोठे कुंपण घालणारे पेटंट. अतिव्याप्ती हा तर्कशास्त्रातला जुना लक्षणदोष. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटले की म्हैसही गाय ठरते. पेटंटमधले ‘दावे’, म्हणजे मालकीची हद्द आखणारी वाक्ये, अशीच सैल लिहिली किंवा न्यायालयाने सैल वाचली, की दुसऱ्याने वेगळ्या वाटेने केलेले कामही पहिल्याच्या हद्दीत जाते.

विमानाच्या पंखाला मागच्या कडेने जी हलती पट्टी (एलेरॉन) असते, तिच्यावरून अमेरिकेत असेच भांडण झाले होते. राइट बंधूंचे १९०६ चे पेटंट पंख पिळून विमानाचा तोल सावरण्याचे होते. त्यांचा प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस पंख पिळत नसे, एलेरॉन वापरी. तरीही १९१४ साली अपील न्यायालयाने ते राइटांच्या दाव्यातच बसवले. अमेरिका महायुद्धात उतरली त्या वर्षी, १९१७ मध्ये, सरकारच्या आग्रहावरून कंपन्यांनी पेटंटे एकत्र केली आणि तिढा सुटला. तेथील विमानविद्या यामुळे किती मागे पडली, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

महाराष्ट्राशी निगडित ठळक वाद पुण्याच्या बजाज ऑटोचा. पल्सर मोटारसायकलच्या एकाच सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असत. या रचनेचे पेटंट (क्र. १९५९०४) कंपनीला २००५ मध्ये मिळाले. दाव्यात सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मि.मी. होता, म्हणजे रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारसायकली त्यात येत. प्रतिस्पर्धी टीव्हीएस कंपनीने दोन प्लगांची ‘फ्लेम’ मोटारसायकल आणली, तेव्हा खटला चेन्नईत दाखल झाला. दोन प्लग होंडाने आधीच वापरले आहेत आणि आमच्या इंजिनाला झडपा तीन आहेत, असा टीव्हीएसचा बचाव. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली, आणि फ्लेम एका प्लगची करून विकावी लागली. मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई उठवली. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला मुभा ठेवून हिशेब ठेवण्यास सांगितले, आणि असे खटले साधारण चार महिन्यांत निकाली काढावेत, असेही बजावले.

बजाजचे पेटंट पोकळ होते, असे म्हणता येणार नाही. छोट्या इंजिनात ही जुळणी बसवणे हे कामच होते. टीकेचा रोख मनाईवर आहे. पेटंट दिले म्हणजे ते वैध, असे १९७० चा पेटंट कायदा मानत नाही (कलम १३). दावे स्पष्ट, नेमके आणि उघड केलेल्या माहितीला धरून असावेत, असे कलम १० सांगते, तर २५ आणि ६४ ही कलमे विरोधाची व रद्द करवून घेण्याची वाट देतात. पण या वाटा लांबच्या. अंतरिम आदेश मात्र बाजारात उतरलेल्या गाडीला त्याच हंगामात अडवतो.

चार महिन्यांची अपेक्षा असलेले हे भांडण २०१९ मध्ये तडजोडीने मिटले. फ्लेम त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती.