दानाकडून कर्तव्याकडे : करवीर संस्थानातील कल्याणकारी राज्याची पायाभरणी

‘कल्याणकारी राज्य’ ही संज्ञा स्वातंत्र्योत्तर काळात सर्वतोमुखी झाली असली, तरी तिच्यामागील विचार बराच जुना आहे. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. इंग्लंडने १९०८ साली सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरविले. दुर्बलांना आधार देणे ही केवळ धनिकांची कृपा नसून शासनाचे कर्तव्य आहे, ही जाणीव त्यातून दृढ होत गेली.

भारतात दानाची परंपरा थोर आहे. धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया, पांजरपोळ यांतून असंख्य जीवांना आधार मिळाला. परंतु दान हे दात्याच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून असते. इच्छेची जागा नियमाने घ्यावी, असा प्रयत्न ज्या मोजक्या संस्थानांत झाला, त्यांत करवीरचे स्थान अग्रभागी आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच समाजाचे होते. इतर समाजांत शिक्षणच नव्हते, हे त्याचे मूळ कारण होते. म्हणून महाराजांनी प्रथम वसतिगृहांकडे लक्ष दिले. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि दिगंबर जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे सुरू झाली. पाठोपाठ लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. दरबारने साहाय्य द्यावे आणि समाजाने कारभार पाहावा, अशी ही रीत होती. दक्षिण महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना त्यामुळे शहरात राहून शिकणे शक्य झाले.

दि. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. आदेश काढून महाराज थांबले नाहीत. नेमणुकांचे त्रैमासिक पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावे, असेही त्यात बजावले होते. हिशेब मागितल्याखेरीज सुधारणा कागदावरून खाली उतरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

प्राथमिक शिक्षणाची कथाही अशीच बोधप्रद आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे शिक्षण संस्थानभर लागू केले. १९११ साली नामदार गोखले यांनी तेच तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विधेयकाद्वारे मांडले. पण पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. बलाढ्य साम्राज्याने जे नाकारले, ते करवीरने १९१७ साली कायद्याने स्वीकारले. शिक्षण मोफत झाले आणि मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरला. कायद्याने सर्व मुले तत्काळ शाळेत आली असे नव्हे. मात्र मुलाने शिकावे की नाही हा प्रश्न केवळ घरापुरता उरला नाही.

महाराजांचे १९२२ साली निधन झाले. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र २०१० साली अंमलात आला. करवीरच्या कायद्यास तेव्हा ९३ वर्षे झाली होती.

राज्याने कर्तव्य स्वीकारल्याने दानाचे महत्त्व उणावले नाही. शाळा राज्याने दिली, तरी दूरच्या गावाहून आलेल्या विद्यार्थ्याला निवारा व आपुलकी समाजच देऊ शकला. कर्तव्य आणि दान यांची ही सांगड हाच करवीरच्या इतिहासाचा चिरंतन संदेश होय.