चमत्कार: ‘खरं की खोटं’ याच्या आधीचे प्रश्न

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिथे नवस फेडायला आलेल्या ओळखीच्या मावशींनी मला विचारलं, “तू सायन्सवाला, चमत्कार खरे असतात का रे?” मी पटकन म्हणालो, “पुरावा काय?” त्यांचा चेहरा उतरला. नंतर वाटलं, माझा प्रश्न अर्धाच होता. पुरावा नेमका कशाचा, हे मी विचारलंच नव्हतं.

गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं उदाहरण घ्या. ते मे १५४२ मध्ये गोव्यात आले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. पुढच्या वर्षीच्या पोपच्या फर्मानात, त्यांना न शिकता परक्या भाषा बोलता येत, असा चमत्कार नोंदवला आहे. पण झेवियर स्वतः जानेवारी १५४४ च्या पत्रात काय लिहितात? माझी भाषा बास्क, इथल्या लोकांची वेगळी. एकमेकांचं कळत नाही. म्हणून दोन्हीकडचं समजणारी माणसं जमवून, खूप खटपटीने प्रार्थनांचं तमिळ भाषांतर केलं आणि ते पाठ केलं.

म्हणजे दावा जवळपास ८० वर्षांनंतरचा, आणि खुद्द त्या माणसाचं पत्र त्याच्या विरुद्ध. इथे निकाल सोपा आहे.

पण म्हणून सगळेच चमत्कार एका पोत्यात भरू नका. ऑक्टोबर १५४२ च्या पत्रात ते एका गावातल्या बाईबद्दल लिहितात. ती तीन दिवस बाळंतकळा सोसत होती. प्रार्थना झाली, तिने बाप्तिस्मा घेतला आणि लगेच बाळंत झाली. ही नोंद त्याच वर्षाची, हजर असलेल्या माणसाची. बाई सुटली, हे मानायला हरकत नाही. कशामुळे सुटली, हे मात्र पत्र सिद्ध करू शकत नाही. लिहिणारा धर्मप्रसारासाठीच आला होता, हेही विसरू नका. आणि प्रयोगासारखं १५४२ साल पुन्हा घडवून बघता येत नाही.

तेव्हा तुमच्या विषयातही तीन प्रश्न आधी विचारा: कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि कोणासाठी? घटना आणि तिचं कारण वेगळं ठेवा. खोटा ठरलेला दावाही फेकू नका. भाषांची ती कथा १५४४ बद्दल फारसं सांगत नाही, पण १६२३ च्या चर्चला कसा संत हवा होता, ते सांगते.

मावशी पुन्हा भेटल्या की आधी विचारणार आहे, “तुमच्या बाबतीत काय घडलं?” आणि मग गप्प बसून ऐकणार आहे.