नाल, खूर आणि हादरा

घोड्याला नाल का ठोकतात, असं वर्गात विचारलं तर ‘खूर झिजू नये म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. ते बरोबरच आहे. खूर म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन. फरसबंद रस्त्यावर ओझं ओढताना ते वाढण्यापेक्षा झिजतं जास्त. इ.स.पूर्व चौथ्या शतकातल्या झेनोफनच्या घोडेस्वारीवरच्या पुस्तकात नाल नाहीत. खूर टणक व्हावेत म्हणून घोड्याला गोट्यांवर उभं करावं, असा सल्ला आहे. खिळ्यांनी ठोकायचा नाल युरोपात रूढ झाला तो मध्ययुगात.

पण झीज थांबवताना आपण आणखी काय बदललं? ब्रेसी क्लार्कने हा प्रश्न लावून धरला. लंडनचं पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ मध्ये सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हा एक. खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नव्हे, असं त्याचं म्हणणं. भार आला की खूर टाचेकडे किंचित फाकतो, पाय उचलला की मिटतो. खिळ्यांनी जखडलेलं लोखंड हे फाकणं अडवतं. नाल ठोकलेल्या एकाच खुराचे साचे त्याने काही वर्षांच्या अंतराने घेतले. टाच आवळत गेलेली त्यांत दिसत होती. १८०९ मध्ये त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे सांध्याचा नालही बनवला, पण तो रुळला नाही.

आवळलेली टाच साच्यात दिसते, हादरा कसा दिसणार? तो क्षणार्धात येऊन जातो. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास गंमतच केली : नालालाच उपकरण बनवलं! खुराखाली रबराची हवाबंद पोकळी, तिथून निघालेली नळी थेट स्वाराच्या हातातल्या नोंदयंत्रात. पाय टेकला की हवा दाबली जाई आणि लेखणी हले. पावलांचा क्रम कळला. आदळण्याची बारीक थरथर टिपण्याइतकी ती लेखणी चपळ नव्हती.

त्यासाठी त्वरणमापी यावे लागले. मृत घोड्यांच्या पायांवर ते बसवून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केलेली मोजणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. नाल ठोकल्यावर खुराच्या भिंतीतली कंपनं वाढतात, हे तिच्यात दिसलं. वरच्या हाडांपाशी मात्र नालामुळे पडणारा फरक नगण्य होता. कंपनांचं सुमारे ६७ टक्के शमन होतं ते भिंत आणि खुरातलं हाड यांच्या मधल्या थरात. तिथे शेकडो पातळ पाळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि घोड्याचं वजनही त्याच तोलतात. प्रयोगात मोजला तो एकेका आघाताचा परिणाम. टांग्याचा घोडा मात्र दिवसाला हजारो पावलं टाकतो.