करमणुकीची नाव आणि धरणावरील नाव

नाव हे मुळात पैलतीर गाठण्याचे साधन होय. तिकीट काढून तिच्यातून केवळ गंमत अनुभवण्याचा प्रकार अमेरिकेत लोकप्रिय झाला. १८९५ साली पॉल बॉयटन याने कोनी आयलंड येथे उद्यान उघडले. तेथे सपाट तळाची नाव उंच उतारावरून घसरत येऊन तळ्यात आदळे. भय क्षणाचे, आणि शेवट आधीच ठरलेला!

आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणावर मात्र नावेचा अर्थ निराळा आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी घोड नदीवरील हे धरण. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाची मोटार अडवताना प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. जलाशयास त्यांचेच नाव आहे. ज्या गावाने तालुक्यास नाव दिले, ते जुने आंबेगाव या पाण्याखाली गेले. येथील पाणी कालव्याने जुन्नर तालुक्यातील येडगाव जलाशयात आणि तेथून पुढे कर्जत-करमाळ्याकडे जाते. काठच्या आदिवासी गावांच्या जुन्या वाटा मात्र बुडाल्या. त्यांना नाव ही सहल नव्हे, वाट होय.

उद्यानातील नावेखाली बांधीव तळे असते; येथील नावेखाली गाव आहे, एवढे विहार करणाऱ्याने विसरू नये.